मातीची पोळी व रंगांच्या वड्या

कोल्हापुरातील पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केले. त्या वेळी सातवाहनकालीन वस्तीच्या थरांत मातीच्या भांड्यांची खापरे मिळाली. लाकूड कुजते, लोखंड गंजते. भाजलेली माती मात्र शतकानुशतके टिकते. तिचा टिकाऊपणा भाजणीतून येतो आणि रंगही बहुतांशी भाजणीच ठरविते. ही गोष्ट मुलांना सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून करवून घेणे अधिक फलदायी होय.

चाकावर हात बसण्यास दीर्घ काळ लागतो. पोळीच्या कामास चाक लागत नाही. माती भिजवून फडक्यातून गाळावी, आळल्यावर थोडी बारीक वाळू घालून चांगली मळावी. ओलसर गोणपाटावर सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांच्यामध्ये माती लाटावी, म्हणजे पोळी सर्वत्र सारख्या जाडीची होते. तिचे तुकडे कापून डबी करावयाची असल्यास सांध्याच्या कडा खरवडून पातळ चिखलाने जोडाव्यात. कडा आधी वाळल्या की पोळी वाकते. म्हणून ती सावलीत, उलटसुलट करीत वाळवावी.

उरलेल्या मातीच्या वड्या पाडून प्रत्येकीवर क्रमांक कोरावा. एका लांब वडीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढावी. वाळल्यावर ती ९.२ सेंटिमीटर भरली, तर माती आठ टक्के आटली. शेकडेवारीचा पाठ येथे आपोआप होतो.

दुसऱ्या वडीवर गेरू, तिसरीवर पिवडी लावावी. चौथी कोरी वडी भुसा भरलेल्या मडक्यात ठेवून झाकण चिखलाने लिंपावे. वड्या पूर्ण वाळल्यावरच गावच्या कुंभारदादांच्या भट्टीत द्याव्यात. ओली वडी वाफेने फुटते. पिवडी भाजल्यावर तांबडी होते, कारण तिच्या लोहद्रव्यातील पाणी निघून जाते. मडक्यातील वडी धुराच्या काजळीने काळी होते. काय होईल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा.

चकचकीत काचलेपाचा मोह मात्र आवरावा. काचेची वाळू लवकर वितळावी म्हणून जुन्या पद्धतीत शेंदूर किंवा मुरदाडशिंग वापरीत. ही दोन्ही शिशाची द्रव्ये आहेत. चिंच, ताक, लोणचे यांच्या आंबटपणाने शिसे लेपातून अन्नात उतरते, आणि लहान मुलांच्या मेंदूस त्याची कायमची इजा होते. ही द्रव्ये शाळेत आणूच नयेत, व शाळेत घडविलेल्या भांड्यांत अन्न ठेवू नये. काचलेप शिकण्याची इच्छा असलेल्या शिक्षकांनी जाणत्या कारागिराकडे प्रत्यक्ष शिक्षण घेऊन शिसेविरहित लेपच वापरावा.

तडकलेली वडीही फेकू नये. क्रमांकासह ती फळीवर मांडावी व तडकण्याचे कारण मुलांनीच शोधावे. चुकलेल्या वडीसमोर न लाजता उभा राहणारा विद्यार्थी पुढे प्रत्येक विषयात पडताळा पाहूनच बोलेल.