काल किती पडला?

मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या विषयात पाऊस पुष्कळ पडतो. पण तो किती मिलिमीटर पडला, हे कोणी विचारीत नाही. तरीही गेली सात वर्षे मी रोज सकाळी साडेआठाच्या ठोक्याला पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर चढतो, पर्जन्यमापकाची नळी डोळ्यांच्या रेषेत धरतो आणि आकडा वहीत उतरवतो. आमच्या सौभाग्यवती या वहीला 'ढगांची रोजकीर्द' म्हणतात.

साडेआठ ही माझी लहर नव्हे. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे रविवारी दुपारी कोसळलेला पाऊस माझ्या वहीत सोमवारी जमा होतो, आणि त्यावरून दर पावसाळ्यात एकदा तरी घरात वाद होतो. मोजमाप मात्र सोपे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही पाऊस मोजण्यासाठी कोठारात हातभर तोंडाचे भांडे ठेवायला सांगितले आहे. म्हणजे हे वेड चांगले जुने आहे!

तापमापकांसाठी सुताराकडून झडपांची एक पांढरी पेटी करून घेतली. तिचे दार उत्तरेला, म्हणजे दार उघडताना ऊन आत शिरत नाही. अशा पेटीला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. हा थॉमस स्टीव्हन्सन 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या कादंबरीकाराचा बाप, हे कळल्यावर माझ्यातल्या वाङ्मयाच्या मास्तरालाही समाधान वाटले. गच्ची तापते, म्हणून माझे आकडे खात्याच्या आकड्यांशी जुळत नाहीत. न जुळोत! रोज एकाच जागी, एकाच वेळी, एकाच रीतीने मोजावे, एवढेच माझे व्रत.

"पेपरात येतो की आकडा! मग हा उपद्व्याप कशाला?" असे शेजारी विचारतात. त्यांना मी 26 जुलै 2005 ची आठवण देतो. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला अवघा 73! शहर एकच, पण 'मुंबईत किती पडला?' या प्रश्नाला एक उत्तर नव्हते. पाऊस शहरावर पडत नाही, गच्चीगच्चीवर पडतो.

या वहीचे खरे गिऱ्हाईक म्हणजे आमचे नाना, माझे वडील. "आमच्या वेळी पुनर्वसूचा तरणा पाऊस आठ-आठ दिवस उघडत नसे," असे ते ऐकवतात, आणि सकाळी मी गच्चीवरून उतरलो की चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "काल किती पडला?"

गेल्या वर्षी जुलैत, एका मंगळवारी रात्री नानांच्या छातीत कळ आली. त्यांना इस्पितळात हलवले आणि पुढचे तीन दिवस मी तिथल्या बाकावर काढले. धोका टळला. शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो, तो वही मेजावर उघडी. अकरा वर्षांच्या आमच्या कन्येने न सांगता तिन्ही दिवसांच्या नोंदी केल्या होत्या. बुधवार 12.4, गुरुवार 20, शुक्रवार 31.6. मला भरून आले.

पण जुन्या पोथ्या वाचणाऱ्याची नजर वाईट. सगळे आकडे दशांशाचे, आणि हा गुरुवारचाच एवढा गुळगुळीत कसा? मी नुसते विचारले, "गुरुवारी फार पाऊस होता का गं?" तिचा चेहरा पडला. "आई वर जाऊ देईना. जिना निसरडा झाला होता. तुमची वही रिकामी राहील म्हणून मी अंदाजानं लिहिलं, बाबा."

मी तिला समजावले, की पर्जन्यमापक विसरत नाही. गुरुवारी न मोजलेले पाणी शुक्रवारी नळीतच होते. म्हणजे 31.6 हा दोन दिवसांचा पाऊस, आणि मधले वीस आकाशातून पडलेच नाहीत. महिन्याची बेरीज तेवढ्याने खोटी झाली.

हे बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. पहिल्याच वर्षी दिवाळीत आम्ही नऊ दिवस सासुरवाडीला गेलो होतो. तापमापकांचे पावसासारखे नसते. परत आल्यावर ते नऊ दिवसांतला एकच उच्चांक आणि एकच नीचांक दाखवतात. मधले आकडे मी पेपर बघून, थोडे इकडेतिकडे करून भरले होते. वही सलग दिसावी म्हणून! एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. आणि माझ्याच वहीत नऊ दिवस प्रक्षिप्त!

कपाटातून ती जुनी वही काढली. मुलीच्या देखत त्या नऊ ओळींवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले, 'मोजले नाही.' मग तिने आपल्या वीसवर रेघ मारली आणि शुक्रवारपुढे लिहिले, 'दोन दिवसांचा मिळून.' त्या रात्री आम्ही दोघेही हलके होऊन जेवलो.

आठवड्याने नाना घरी आले. खुर्चीत टेकले आणि पहिला प्रश्न, "मी तिकडे असताना किती पडला रे?"

उत्तर नातीने दिले. "बुधवारी बारा पूर्णांक चार. गुरुवारचं ठाऊक नाही, आजोबा. गुरुवार-शुक्रवार मिळून एकतीस पूर्णांक सहा."

नाना क्षणभर थांबले. "ठाऊक नाही, असंच लिहिलंयस ना?"

"हो."

"मग ठीक," नाना म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.