नागपुरी संत्र्याची ढाक्याची वाट

भारत आणि बांगलादेश यांच्या संबंधांची चर्चा साधारणतः दिल्ली व ढाका या दोन राजधान्यांच्या अनुषंगाने होते. तिस्तेचे पाणी, सीमेवरील कुंपण, घुसखोरी, रेल्वेमार्ग हे तिचे नेहमीचे विषय. मात्र या संबंधांतील चढउतारांची झळ ज्यांना थेट पोहोचते त्यांत काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या तालुक्यांतील संत्राउत्पादक अग्रभागी आहेत. विदर्भात सव्वा ते दीड लाख हेक्टरवर संत्र्याच्या बागा आहेत आणि येथून परदेशी जाणाऱ्या फळाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे बांगलादेशच राहिले आहे. ढाक्यातील एका अधिसूचनेने नागपूरच्या कळमना बाजारातील भाव का हलतात, हे समजून घ्यायचे तर या व्यापाराचा इतिहास आणि त्यातील गाठी पाहाव्या लागतात.

फळाचा स्वभाव आणि शेजारची बाजारपेठ

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची आंबटगोड चव आणि सहज सुटणारी साल ही त्याची ओळख. परंतु हीच सैल साल दूरच्या प्रवासात त्याची वैरीण ठरते. फळ लवकर दबते आणि फार दिवस टिकत नाही. शिवाय त्यात बिया असतात, तर युरोपातील ग्राहकाला बिनबियांची फळे हवी असतात. त्यामुळे समुद्रमार्गे आठवडेच्या आठवडे प्रवास करून पाश्चात्त्य बाजारपेठ गाठणे या फळाला अवघड जाते. याउलट बांगलादेशला माल ट्रकने जातो. नागपूरहून हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून ट्रक पश्चिम बंगालमधील पेट्रापोल येथे पोहोचतात आणि सीमेपलीकडील बेनापोल येथे माल उतरतो. आंबिया बहाराचे फळ दिवाळीच्या सुमारास तोडणीला येते, मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. हिवाळाभर या मार्गावर विदर्भाच्या फळांची वर्दळ असे.

मैत्रीचा आलेख

भारताने ६ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशला मान्यता दिली. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात मैत्री करार व व्यापार करार झाले. १९६५ च्या युद्धात तुटलेले रेल्वेचे दुवे पुन्हा जोडायला मात्र बराच काळ लागला. कोलकाता ते ढाका मैत्री एक्स्प्रेस सुरू झाली ती २००८ मध्ये. २००६ मध्ये दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार अमलात आला. २०११ मध्ये भारताने मद्य व तंबाखूसारख्या मोजक्या २५ वस्तू वगळता बांगलादेशच्या सर्व मालाला शुल्कमुक्त प्रवेश दिला. २०१५ मध्ये भूसीमा कराराची अंमलबजावणी होऊन दोन्ही देशांतील छिटमहालांची अदलाबदल झाली आणि चार दशकांचा एक प्रश्न मिटला. २०२१-२२ मध्ये भारताची बांगलादेशला होणारी निर्यात १६ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. तिकडून भारतात येणारा माल मात्र सुमारे २ अब्ज डॉलरचाच होता.

आकड्यांतील ही तफावतच पुढील अडचणींचे एक मूळ आहे. ज्या देशाची आयात निर्यातीच्या कितीतरी पट असते, त्याची परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली की तो प्रथम अनावश्यक आयातीला कात्री लावतो.

शुल्काची चढती भाजणी

विदर्भातील उत्पादकांनी वेळोवेळी मांडलेल्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये संत्र्यावर किलोमागे सुमारे २० रुपये असलेले बांगलादेशचे आयात शुल्क दरवर्षी वाढत २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेले. बागेत शेतकऱ्याला किलोमागे जे पैसे मिळतात, त्याच्या कितीतरी पट ही रक्कम आहे. परिणामी अडीच लाख टनांच्या घरात असलेली निर्यात घसरून सुमारे ६३ हजार टनांवर आली.

या वाढीमागे दोन कारणे सांगितली जातात. पहिले कारण कांद्याचे. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली. बांगलादेशात कांद्याचे भाव कडाडले, तुर्कस्तान व इजिप्तसारख्या देशांतून विमानाने कांदा आणण्याची वेळ त्या सरकारवर आली. तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी त्या वर्षी दिल्लीत आल्या असता, बंदीपूर्वी निदान सूचना तरी द्यावी, अशी अपेक्षा जाहीरपणे व्यक्त केली होती. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच घडले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. नाशिकच्या कांद्याचा राग नागपूरच्या संत्र्यावर निघाला, अशी भावना त्यामुळे विदर्भात रूढ झाली.

ही भावना समजण्याजोगी असली, तरी संपूर्ण चित्र त्यात मावत नाही. दुसरे कारण बांगलादेशच्या अंतर्गत अर्थकारणात आहे. युक्रेन युद्धानंतर इंधनाचे भाव भडकले, तेव्हा परकीय चलन वाचवण्यासाठी त्या देशाने मे २०२२ मध्ये फळे, फुले, फर्निचर, सौंदर्यप्रसाधने अशा शंभराहून अधिक वस्तूंवर २० टक्के नियामक शुल्क लावले. ते सर्व देशांच्या मालाला लागू होते. जानेवारी २०२५ मध्ये ताज्या फळांवरील पूरक शुल्कही २० टक्क्यांवरून ३० टक्के करण्यात आले. नंतर त्यात थोडी कपात झाली. मुक्त व्यापार करारातील सवलत मुख्यतः मूळ सीमाशुल्कापुरती असते. पूरक व नियामक शुल्के तिच्या कक्षेबाहेर राहतात आणि संत्र्याचा गळा आवळतात ती हीच शुल्के.

कापूस जातो, संत्रे अडते

याच विदर्भाचे दुसरे नगदी पीक कापूस. बांगलादेशचे तयार कपड्यांचे कारखाने आयात केलेल्या कापसावर व सुतावर चालतात आणि भारतीय कापसाचा तो देश मोठा ग्राहक आहे. कापूस हा त्यांच्या निर्यातीचा कच्चा माल, म्हणून त्याला दार उघडे. संत्रे मात्र त्यांच्या लेखी चैनीची वस्तू, म्हणून त्यावर कर. एकाच तालुक्यातील दोन पिकांचे परराष्ट्र धोरण असे वेगळे ठरते. ज्या वस्तूवाचून समोरच्याचे अडते, तिला मैत्री आटली तरी गिऱ्हाईक मिळते. जिच्यावाचून त्याचे अडत नाही, तिला मैत्रीच्या काळातही लेखी हमीची गरज असते. संत्र्याला अशी हमी कधीच मिळाली नाही. दोन देशांच्या व्यापारवृद्धीचे आकडे फुगत असतानाच, म्हणजे २०१९ ते २०२२ या काळात, संत्र्यावरील शुल्क वाढत गेले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नुकसान कसे पोहोचते, हेही पाहण्याजोगे आहे. विदर्भात झाडावरचा माल व्यापाऱ्याला उक्ता विकण्याची पद्धत आहे. सीमेवरील शुल्क वाढले की व्यापारी सौद्यातच भाव पाडतो. बेनापोलला न गेलेला माल देशांतर्गत बाजारात येतो आणि उत्तर भारतात त्याची गाठ पंजाबच्या किन्नूशी पडते. म्हणजे ज्याने कधीच निर्यात केली नाही, त्या शेतकऱ्याचाही भाव उतरतो.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

राज्य शासनाने २०२३ च्या अखेरीस या शुल्काचा निम्मा भार उचलण्याचा निर्णय घेऊन सुमारे १७० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. संकटात दिलासा म्हणून ते योग्यच होते. परंतु अशा अनुदानाचा अर्थ महाराष्ट्राच्या करदात्याने बांगलादेशच्या तिजोरीत भर घालणे असाही होतो आणि समोरच्याने शुल्क पुन्हा वाढवले की गणित कोलमडते. मार्च २०२५ मध्ये नागपूरच्या मिहानमध्ये मोठा संत्राप्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. रसासाठी लहान व डागी फळ खपले, तर बाजारावरील ताण हलका होईल. तरीही ताज्या फळाच्या भावाची बरोबरी रसाचा भाव क्वचितच करतो.

मूळ उपाय वाटाघाटींतच आहे. सर्वंकष आर्थिक भागीदारी करारासाठी चर्चा सुरू करण्याचे दोन्ही देशांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले आणि संबंध ताणले गेले. २०२५ च्या एप्रिल व मे महिन्यांत बांगलादेशने भारतीय सुतावर, तर भारताने बांगलादेशी कपड्यांवर भूमार्गाने आणण्यास निर्बंध घातले. दुसरीकडे, अतिमागास देशांच्या यादीतून बांगलादेशने बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. त्या यादीतून बाहेर पडणाऱ्या देशाला त्या नात्याने मिळणाऱ्या सवलती कधी ना कधी सोडाव्या लागतात. भारतीय बाजारपेठेतील शुल्कमुक्त प्रवेश टिकवायचा तर बांगलादेशला नव्या कराराची गरज भासणारच आणि विदर्भासाठी तीच संधी आहे. कपड्यांच्या बदल्यात फळांवरील पूरक शुल्कांना मर्यादा घालून घेण्याचा मुद्दा त्या मेजावर यायला हवा. त्याचबरोबर कांद्यासारख्या जिनसांवर रातोरात बंदी न घालण्याची शिस्त भारतालाही पाळावी लागेल. शेजारी ज्याच्या शब्दावर विसंबू शकत नाही, त्याच्या मालाला तो कायमची जागा देत नाही.

मृग आणि आंबिया हे बहार निसर्गाच्या भरवशावर असतात. गारपीट, फळगळ यांच्याशी झुंजण्याची विदर्भातील शेतकऱ्याला सवय आहे. सीमेवरील शुल्क मात्र माणसांनी ठरवलेले असते आणि माणसांनी बसून ते बदलता येते. त्यासाठी दिल्लीच्या शिष्टमंडळाच्या कागदपत्रांत कापूस आणि सुताच्या जोडीला संत्र्याचेही नाव असले पाहिजे.