बातमी शिळी होते, प्रश्न होत नाही

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर सुमारे चार दशकांनी, मार्च 2023 मध्ये दर्शनासाठी खुले झाले. कुलूप उघडणे ही बातमी होती आणि बातमीचे आयुष्य चार दिवसांचे. मूर्तीला ‘अंतरिक्ष’ का म्हणतात, दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांत फरक कोणता, हे मात्र प्रत्येक नवा यात्रेकरू नव्याने विचारतो. ऑनलाइन शिकवणाऱ्याने टिकाऊ विषय अशा परतणाऱ्या प्रश्नांतच शोधावेत. सोयाबीनचा भाव रोज बदलतो. पण घरचे बियाणे उगवेल का, ही शंका वाशीम जिल्ह्यात दर पेरणीआधी येतेच. उत्तरही ठरलेले: 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी सावलीत ठेवून ओल टिकवायची आणि आठवडाभराने निकोप कोंब मोजायचे. 70 किंवा अधिक असतील, तर बियाणे पेरण्याजोगे.

‘हे तर सगळीकडे आहेच,’ हा आक्षेप खरा, पण अपुरा. माहिती असते, निकोप कोंब आणि वाकडा, सडका कोंब शेजारी ठेवून वऱ्हाडी बोलीत फरक दाखवणारे विरळा. अशा धड्याला पहिल्या दिवशी प्रेक्षक थोडे मिळतात, हेही मान्य. पण मृगाच्या तोंडावर तो दरवर्षी पुन्हा उघडला जातो आणि दरवेळी उपयोगी पडला, तर माणूस पुढची शंकाही तिथेच घेऊन येतो. प्रेक्षक जोडला जातो तो असा.