वस्तीची हवा कोण मोजणार?

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की वस्तीत खोकला सुरू होतो. पालिकेच्या दवाखान्यात रांग वाढते, लहान मुलांना वाफ द्यावी लागते, दम्याच्या म्हाताऱ्या माणसांची रात्र बसून जाते. थंडीत जमिनीलगतची हवा गार व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, जळणाऱ्या कचऱ्याची काजळी सारे त्या झाकणाखाली कोंडून राहते आणि आपण तेच श्वासातून घेतो.

या वेळी आम्ही औषधाबद्दल लिहिणार नाही. हवा मोजण्यासाठी, धुराड्याची तपासणी करण्यासाठी आणि धूर कसा कमी करायचा हे कारखानदाराला, बिल्डरला, बेकरीवाल्याला सांगण्यासाठी सरकारने तज्ज्ञ माणसे नेमलेली आहेत, प्रयोगशाळा उभारलेल्या आहेत. त्यांचा पगार आपल्याही करातून जातो; बिस्किटाचा पुडा घेणारी मजूर बाईसुद्धा कर भरते. तरी ही माणसे वस्तीत क्वचितच दिसतात. त्यांना बोलवायचे कसे, हे आपल्याला माहीत हवे.

पहिले दार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. हे मंडळ १९७० साली पाण्याच्या प्रदूषणासाठी स्थापन झाले. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यानंतर हवेचे कामही त्याच्याकडे आले. मुख्य कार्यालय मुंबईत सायनला, आणि राज्यभर प्रादेशिक व उपप्रादेशिक कार्यालये आहेत. कारखाना, रासायनिक साठ्याच्या टाक्या, सिमेंट मिसळण्याचा प्लांट, दगडखाण, रुग्णालयाचा कचरा जाळणारी भट्टी ही सारी या मंडळाची बाब. त्याच्या अधिकाऱ्याला कारखान्यात शिरून तपासणी करण्याचा, धुराड्यातून नमुना घेण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. गरज पडल्यास कारखाना बंद करण्याचा, त्याचे वीज-पाणी तोडण्याचा आदेशही मंडळ देऊ शकते.

दुसरे दार महानगरपालिकेचे किंवा नगरपालिकेचे. उघड्यावर जाळलेला कचरा, रस्त्यावर पडलेला राडारोडा, इमारतीच्या कामाची धूळ, बेकरी व हॉटेलच्या भट्ट्या यांसाठी विभाग कार्यालयात जायचे. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि आपले लोक कंटाळून घरी बसतात. म्हणून शंका असेल तर दोन्हीकडे द्यावा.

मोबाइलवर हवेचा आकडा बघणारी तरुण मुले आता वस्त्यांत आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे समीर नावाचे ॲप आहे, त्यावर आकडा दिसतो आणि तक्रारही नोंदवता येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने सफर ही सेवा पुण्यासाठी २०१३ मध्ये आणि मुंबईसाठी २०१५ मध्ये सुरू केली. ती पुढच्या दिवसांचा अंदाजही देते. आकडा ५० पर्यंत असेल तर हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट. २०० च्या वर गेला की दमेकरी, गरोदर बाई, हृदयरोगी आणि लहान मूल यांनी पहाटेचे बाहेर फिरणे टाळावे, एवढा उपयोग नक्की करावा.

पण या आकड्यावर सगळा भरवसा ठेवू नये. तो साधारण चोवीस तासांच्या सरासरीवरून काढतात, आणि यंत्र आपल्या गल्लीत नसते, चार-पाच किलोमीटरवर एखाद्या सरकारी इमारतीच्या आवारात असते. रात्री दोन ते चार कोणी भंगारातली केबल जाळली, तर त्या दोन तासांत आपल्या पोरांनी काय ओढले ते सरासरीत विरून जाते. ॲपवर हवा समाधानकारक आणि घरात डोळे चुरचुरताहेत, असे होऊ शकते. अशा वेळी ‘ॲपवर तर ठीक दिसते’ हे अधिकाऱ्याचे उत्तर ऐकून परत यायचे नाही. मंडळाकडे फिरती तपासणी वाहने आहेत. ‘आमच्या वस्तीत, या वेळेत येऊन मोजा’ अशी लेखी मागणी करायची.

मोजणीने काय घडते हे पाहायचे तर मुंबईतल्या माहुलकडे बघावे. चेंबूरजवळचे माहुल आणि आंबापाडा. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, रसायने साठवणाऱ्या प्रचंड टाक्या. लोक वर्षानुवर्षे सांगत होते की वास येतो, मळमळते, श्वास लागतो. वास हा काही पुरावा नाही, असे त्यांना ऐकवले जाई. मग केईएम रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी २०१३ मध्ये तिथल्या लोकांची तपासणी केली. सुमारे ६७ टक्के लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते, असे तिच्यात नोंदले गेले. हवेच्या नमुन्यांत टोल्युइनसारखी रसायने सापडली. हे कागद घेऊन रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने मान्य केले की तिथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे, आणि २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली.

याच माहुलमध्ये तानसा जलवाहिनीलगतची हजारो झोपडपट्टीवासी कुटुंबे ‘पुनर्वसन’ म्हणून आणून टाकली होती, हेही विसरू नये. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, या लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या, असे पालिकेला सुनावले. ज्या हवेत राहणे धोक्याचे हे सरकारी कागदावर आले होते, त्याच हवेत गरिबांना घरे देण्यात आली. आपल्याला यात नवल वाटू नये. अनेक गावांत महारवाडा वाऱ्याच्या खालच्या बाजूला वसवलेला असे, म्हणजे आपल्या अंगावरचा वारा गावाला लागू नये. शहरात गावकूस गेले, पण डम्पिंगशेजारची, नाल्याकाठची, धुराड्याखालची जागा कोणाच्या वाट्याला येते ते पाहा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे.

आता अर्जाविषयी. ‘आमच्या भागात फार प्रदूषण आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा अर्ज दिला तर योग्य ती कार्यवाही म्हणजे फाइलला दोरी बांधणे. तांत्रिक माणसाला तांत्रिक माहिती द्यावी लागते. पंधरा दिवस एक वही ठेवा. तारीख, किती वाजता सुरू झाले, किती वाजता थांबले, धुराचा रंग, वास कशासारखा (सडक्या अंड्यासारखा, जळक्या रबरासारखा, थिनरसारखा), वारा कोणत्या बाजूने होता, हे रोज लिहायचे. महिला मंडळातल्या दोघी-तिघी हे काम उत्तम करतात, कारण दिवसभर त्या वस्तीत असतात. मोबाइलवर तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढावा. दवाखान्याचे केसपेपर फेकू नयेत. किती घरांत दमा, किती मुलांना वारंवार खोकला, याची यादी नावे न घालता, फक्त वय आणि तक्रार लिहून जोडावी. आशाताईंची मदत घ्यावी. अशा वहीमुळे अधिकाऱ्याला कळते की यंत्र घेऊन नेमके कोणत्या वेळी यायचे. नाहीतर तो सकाळी अकराला येतो, धुराडे शांत असते, आणि ‘पाहणीत प्रदूषण आढळले नाही’ असा शेरा पडतो.

कारखान्याला मंडळाकडून संमतीपत्र घ्यावे लागते आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात: धुराड्याची उंची, कोणते इंधन, धूळ पकडणारे कोणते यंत्र. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून ते संमतीपत्र आणि गेल्या वर्षाचे तपासणी अहवाल मागवता येतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही शुल्क नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. शिवाय मंडळाने २०१७ पासून मोठ्या कारखान्यांना धुराड्यातल्या धुळीवरून एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. पाच तारे म्हणजे कमी धूळ. शेजारच्या कारखान्याला एक तारा असेल तर ते वाक्य अर्जात सर्वांत वर लिहावे.

इमारतीच्या धुळीचे सोपे आहे, कारण डोळ्यांनीच मोजता येते. मुंबई महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनुसार एक एकरापेक्षा लहान जागेवरच्या कामाला २५ फूट, त्याहून मोठ्याला ३५ फूट उंच पत्र्याचे कुंपण हवे. इमारत हिरव्या कापडाने झाकलेली, पाण्याचा फवारा चालू, राडारोड्याचा ट्रक झाकलेला आणि त्याची चाके धुतलेली असावीत. कुंपण दहा फुटांचे दिसले की फोटो काढून विभाग कार्यालयात द्यावा.

बेकरी, तंदूर, भट्टी यांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्यास सांगितले. आदेश योग्यच आहे. मोडक्या फर्निचरचे रंग-पॉलिश लागलेले लाकूड त्या भट्ट्यांत जळते आणि त्याचा धूर साध्या लाकडापेक्षा विषारी असतो. पण त्या भट्टीपुढे उभा राहणारा, तो धूर सर्वांत आधी छातीत घेणारा कामगार आपल्याच वस्त्यांतला असतो. भट्टीला टाळे लागले तर धुराबरोबर त्याची रोजीही जाते. म्हणून आमचे मत असे की आपल्या अर्जात ‘बंद करा’ याऐवजी ‘बदलून द्या’ ही मागणी असावी. आपल्यातल्याच कुणाचा लहान कारखाना असेल तर केंद्राच्या सूक्ष्म, लघु उद्योग खात्याची कार्यालये मुंबईत साकीनाक्याला आणि नागपूरला आहेत. तिथे तांत्रिक सल्ला मिळतो. याच खात्याच्या झेड प्रमाणपत्र योजनेत सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या खर्चात ८० टक्के सवलत आहे आणि अनुसूचित जातीच्या मालकाला आणखी १० टक्के. बौद्ध म्हणून हा लाभ आपल्याला लागू नाही, असे काही जण समजतात. १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही आहेत. जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवावे.

घरातला धूर मोजायला मात्र कोणी येत नाही. गॅस घरात आहे, पण सिलिंडर पुरवायचा म्हणून आंघोळीचे पाणी अजून चुलीवर तापते, कधी प्लास्टिक घालून पेटवले जाते. प्लास्टिक कधीच जाळू नये. चूल दाराबाहेर ठेवावी, बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला तिच्यापासून दूर ठेवावे. विहारातही वंदनेच्या वेळी दारे-खिडक्या बंद करून अगरबत्त्यांचा जुडगा लावू नये. फुले आणि एखादी मेणबत्ती पुरे. तोंडाला रुमाल बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक कण अडत नाहीत. ते केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. त्यासाठी एन ९५ मास्कच लागतो, आणि झाडूकाम, राडारोडा, भंगार यांत काम करणाऱ्यांनी तो मुकादमाकडे मागावा. तो पुरवणे मालकाचे काम आहे.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती विहाराच्या कपाटात फाइलला लावावी, कोणा एकाच्या घरी ठेवू नये. तीस दिवसांत कोणी आले नाही तर त्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून दुसरा अर्ज द्यावा, आणि आपल्या अर्जावर काय झाले ते माहितीच्या अधिकारात विचारावे. पाहणीला अधिकारी आले तर वस्तीतली दोन माणसे बरोबर चालावीत, पंचनाम्यावर लिहिलेले वाचून घेऊन मगच सही करावी आणि त्याची प्रत मागून घ्यावी.