पाठ लागली होती का?

श्रावणातला सोमवार. ओतूरला मांडवीकाठी कपर्दिकेश्वराचं दर्शन घेतलं, तांदळाच्या पिंडी पाहिल्या आणि पाय आपोआप आखाड्याकडे वळले. बँकेच्या नोकरीत जुन्नरला होतो तेव्हापासूनची ही सवय. देवाला पाच मिनिटं आणि कुस्तीला सगळी दुपार!

कुस्त्या संपल्या, हलगी थांबली. ओळखीच्या एका वयस्कर पंचांना पोरांनी चहाच्या टपरीवर घेरलं.

"नाना, शेवटच्या कुस्तीत पाठ खरंच लागली होती का?"

"लागली होती."

"पण पाठ तर आधीच मातीनं भरलेली असते. कळतं कसं?"

"म्हणून तर मी मातीत आडवा होतो," नाना हसले. "खांद्याखाली फट आहे का, ते जमिनीलगत डोळा नेल्याशिवाय दिसत नाही. तुम्ही बघता लांबून, तेही वरून."

"आणि गादीवर?"

"तिथं दोन्ही खांदे एकाच वेळी टेकावे लागतात. मॅट चेअरमनचा दुजोराही लागतो. निर्णय पटला नाही तर कोचनं चॅलेंज टाकायचं, मग चित्रफीत बघतात. चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण."

मग तो प्रश्न आलाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला गेला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षे यांचं म्हणणं. रागाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. राक्षे शेजारच्या राजगुरुनगरचे, २०२३ चे महाराष्ट्र केसरी. आमच्या भागात हा वाद अजून घराघरांत आहे.

"मी तिथं नव्हतो," नाना म्हणाले. "निर्णयावर बोलणार नाही. लाथ मात्र चूकच. आणि दाद मागणाऱ्याचं ऐकून घेणं, हेही पंचांचंच काम."

एवढ्यात एका चिमुरड्यानं विचारलं, "नाना, तुमचं कधी चुकलं?"

नानांनी कप खाली ठेवला. "चुकलं. एका यात्रेत चितपट दिली. रात्री परतीच्या एसटीत जिंकलेला पोरगाच शेजारी येऊन बसला. म्हणाला, नाना, त्याचा खांदा नव्हता लागला. मी ज्या बाजूला होतो तिथून फट दिसत नव्हती."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी हरलेल्याच्या घरी गेलो. त्याच्या वडलांना सांगितलं. निकाल बदलला नाही, पण त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही."

पोरं पांगली. मी बसून राहिलो. याच तालुक्यात एका शेतकऱ्याचं विहिरीचं कर्ज मी नामंजूर केलं होतं. कागद अपुरे होते, नियमानं बरोबर होतं. पण विहीर पाहायला गेलो नव्हतो. त्या माणसाचं गाव ओतूरहून फार लांब नाही.

नानांनी विचारलं, "साहेब, कुठं सोडू?"

मी म्हटलं, "जरा त्या गावावरून जाऊ या का?"