पावसाळी सायकल

सायकल हा विषय घेऊन आम्ही वाचकांपुढें येऊं, असें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना कोणी सांगितलें असतें तर त्यांना हसूं आवरलें नसतें. आमचें शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत व त्याबरोबर पाठशाळेंत झालें, आणि पुढचा सगळा जन्म मुलांना शब्दरूपें व समास शिकविण्यांत गेला. पाना हातांत धरण्याचा प्रसंग पंक्चर काढण्यापलीकडे आला नव्हता. तथापि गेल्या ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत आमच्या चिंचवडच्या अंगणांत एक सायकल जन्मास आली, आणि तिच्या पायीं आमच्या घरांत इतके वाद, इतका खर्च व इतकी काळजी झाली कीं, ती हकीकत इतर घरांच्या उपयोगीं पडावी म्हणून लिहीत आहों.

आमची धाकटी बहीण व तिचा मुलगा आमच्याकडे राहतात. मेहुणे नाशिक रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातांत गेले, त्याला आतां अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून मोटरसायकल हा शब्दही बहिणीपुढें कोणी काढीत नाहीं. भाचा आतां तेवीस वर्षांचा आहे. चाकणच्या अलीकडे महाळुंगे येथील एका कारखान्यांत त्याला कंत्राटी काम मिळालें. कायमच्या कामगारांना न्यावयास गाडी येते. कंत्राटी माणसानें आपली वाट आपण शोधावी. सकाळची पाळी सातची. घरापासून आकुर्डी, निगडी, त्रिवेणीनगर, तळवडें आणि मग इंद्रायणीचा पूल ओलांडून महाळुंगे, असा सुमारें अठरा किलोमीटरांचा रस्ता. बसच्या वेळा पाळीशीं जुळेनात. "मामा, तुमची सायकल काढूं का?" असें त्यानें एके दिवशीं विचारलें, आणि आम्हींही मोठ्या अभिमानानें ती पुसून दिली.

या भागांत सायकलीनें कामावर जाणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, पुढें साठीनंतर औद्योगिक वसाहत वाढत गेली, आणि आमच्या लहानपणीं पाळी सुटण्याच्या वेळीं रस्त्यावर सायकलींचा जो लोंढा लागे तो आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. फरक एवढाच कीं, तेव्हां रस्त्याचे स्वामी सायकलवालेच होते. आज त्याच वाटेनें मोटारी लादलेले लांबच लांब कंटेनर चालतात, आणि सायकलवाला त्यांच्या कडेनें, खड्डा व गटार यांच्या मधल्या वीतभर जागेंतून जातो.

आमची सायकल जुन्या बांधणीची; अठ्ठावीस इंची चाकें, पोलादी कडा आणि दांड्यांचे ब्रेक. उन्हाळ्यांत तिनें उत्तम काम दिलें. जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत मात्र, पहांटेच्या पावसांत पुलाकडील उतारावर पुढचा ट्रक एकाएकीं थांबला. भाच्यानें दोन्ही ब्रेक मुठींत आवळले, तरी सायकल थांबेना. ओल्या, गुळगुळीत पोलादावरून रबर नुसतें घसरत राहिलें. त्यानें सायकल डावीकडे चिखलांत घातली म्हणून वांचला. गुडघा फुटला, कोपर सोललें. तो तसाच कामावर गेला आणि संध्याकाळीं पायऱ्यांवरून पडलों म्हणून आईला सांगितलें. आम्हांस त्यानें खरें सांगितलें, आणि आम्ही तें बहिणीपासून चार दिवस लपविलें. पांचव्या दिवशीं तिनें सायकलला कुलूप घातलें व किल्ली देवघरांत ठेवली.

आतां दोनच मार्ग होते. एक, नोकरी सोडणें. दुसरा, पावसांत थांबेल अशी सायकल करणें. नवी चांगली सायकल घेण्याइतका पैसा नव्हता. भाच्यानें आठ हजारांची मर्यादा घातली होती.

विलायतेंत हिंवाळा हाच ओला ऋतु. तेथील सायकलवाल्यांची अशी रीत आहे कीं, चांगली सायकल घरांत टांगून ठेवावयाची आणि ओल्या दिवसांसाठीं स्वस्त सामानाची, रुंद मडगार्डांची दुसरी सायकल जोडावयाची. तिला चिखल लागो, गंज चढो, जिवाला घोर नाहीं. आमचा हिंवाळा कोरडा. आमच्याकडे हें काम पावसाळ्याचें. भाच्याच्या मनांत हीच कल्पना होती, फक्त त्याला हँडल हवें होतें शर्यतीच्या सायकलचें, खालीं वळलेलें. मेंढ्याच्या शिंगांसारखें तें हँडल पाहून आम्हीं प्रथम स्पष्ट नकार दिला. कामावर जाणाऱ्या माणसास शर्यत कशाची?

परंतु त्याचें म्हणणें पोरकट नव्हतें. पावसाळ्यांत या प्रांतीं वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. चाकणहून चिंचवडास परतावयाचें तें नेमकें त्याच दिशेकडे तोंड करून, आणि तेंही आठ तास उभें राहून काम केल्यावर. अशा वेळीं हात खालच्या वळणावर घेऊन अंग लववलें कीं वारा कमी लागतो. शिवाय तासाभराहून अधिक प्रवासांत मनगटें एकाच ठेवणींत आखडतात. या हँडलावर हात ठेवण्यास तीन-चार जागा मिळतात. आम्हीं हार मानली. एक अट मात्र घातली कीं, पुढील हँडलाहून ब्रेकचा विचार आधीं व्हावा.

सांगाडा भंगारवाल्याकडे मिळाला. जुन्याच जातीचा, पोलादी, रंग उडालेला, पण सरळ. चाकें व मडगार्डें यांच्यामध्यें त्यांत भरपूर जागा होती, आणि पावसाळी सायकलीस हा गुण सर्वांत मोठा. दांड्यांचे ब्रेक वांकड्या हँडलास जोडतां येत नाहींत, म्हणून तारेनें चालणारे, कडेला दोन्ही बाजूंनीं चिमटा घेणारे ब्रेक घेतले. तेवढ्यासाठीं पोलादी कडा काढून अॅल्युमिनियमच्या घालणें अवश्य होतें, कारण ओल्या अॅल्युमिनियमवर रबर पुष्कळच चांगलें धरतें. येथपर्यंत सर्व ठीक चाललें. येथून पुढें आमची विद्वत्ता आड आली.

नव्या कडा दुकानदारानें "अठ्ठावीस" म्हणून दिल्या. घरीं आमच्या सायकलीचे दोन नवे टायर पडून होते, त्यांच्यावरही अठ्ठावीस. भाचा नव्या टायरांचे पैसे काढीत होता, आम्हीं त्यास काटकसरीचा उपदेश केला आणि जुनेच चढविण्यास लावलें. टायर फारच सहज चढले. याच गोष्टीनें आम्हांस शंका यावयास हवी होती. पंप मारतां मारतां टायर एका अंगास सरकला, ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर आली आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन फुटली. शेजारचे लोक गच्चीवर आले. बहीण स्वयंपाकघरांतून धांवत बाहेर आली, आणि तिच्या चेहऱ्याचा तो पांढरा रंग आम्ही विसरणार नाहीं.

चूक अशी. जुन्या रोडस्टरचा टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. हल्लींच्या सातशें नांवाच्या कडेचा ६२२. तेरा मिलिमीटरांचा फरक, आणि बाजारांत दोहोंसही अठ्ठावीसच म्हणतात. ज्यानें मुलांना ‘हरि’ शब्दाचे विष्णु, सिंह, वानर, बेडूक असे अर्थ वर्षानुवर्षें पाठ करविले, त्याला एका अंकाचे दोन अर्थ असूं शकतात हें सुचूं नये! टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत हा तीन अंकी व्यास छापलेला असतो. वाचकांनीं इंचांवर विश्वास न ठेवतां तो पाहावा.

दुसरा घोटाळा आऱ्यांचा. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकास बत्तीस आरे व मागच्यास चाळीस, ही इंग्रजी परंपरा. नव्या कडांना दोहींकडे छत्तीस भोकें. म्हणून जुने हब निरुपयोगी ठरले व नवे घ्यावे लागले. चाक विणण्याचें काम निगडीच्या एका वृद्ध कारागिरानें केलें. कड फिरवून, कान लावून, आरा छेडून तो ताण ओळखतो, जसा गवई तंबोरा लावतो. संस्कृतांत चाकाच्या मध्यास नाभि, तारांस अर आणि कडेस नेमि म्हणतात हें आम्हीं त्यास सांगितलें. तो म्हणाला, "गुरुजी, आम्हीही आरेच म्हणतों." मराठी ‘आरा’ त्या ‘अरा’चाच वंशज, आणि तो आमच्या पुस्तकांपेक्षां त्याच्या दुकानांत अधिक चांगला जिवंत आहे.

जातां जातां एक आठवण. १८८८ सालीं डन्लप यानें बेलफास्ट येथें हवेचा टायर काढला, आणि त्याच सालीं आपल्या बेळगांवास किर्लोस्करांचें सायकलचें दुकान निघालें. नांगर, पंप व किर्लोस्करवाडी हें सर्व पुढचें. महाराष्ट्रांतील एका मोठ्या कारखानदारीचा उगम सायकलच्या दुकानांत आहे, हें भाच्यास सांगतांच त्यास आपल्या हातांवरील ग्रीसची लाज वाटेनाशी झाली.

गिअर आम्हीं मुद्दाम एकच ठेवला. पुढें चव्वेचाळीस दांते, मागें अठरा. पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सव्वापांच मीटरांहून थोडी अधिक जाते. चढावर दम लागतो खरा, पण अनेक गिअरांची नाजूक यंत्रणा तळवड्याच्या चिखलांत चार दिवस टिकली नसती. शिवाय एक गिअर असल्यानें जुन्या सायकलीचें बंद चेनकव्हर तसेंच बसवितां आलें. हें कव्हर तरुणांना गांवढळ वाटतें; परंतु पाऊस व वाळू यांपासून साखळीस वांचविणारें त्याच्यासारखें दुसरें साधन नाहीं. मडगार्डें लांब व रुंद घेतलीं, आणि पुढच्यास ट्यूबच्या रबराचा पडदा जमिनीपासून चार बोटें वर येईल इतका खालीं सोडला. पुढच्या चाकाचें पाणी पायांवर व पायडलांच्या छऱ्यांवर उडतें, तें या चार आण्यांच्या पडद्यानें थांबतें. सीटच्या दांड्यास व प्रत्येक आट्यास ग्रीस लावलें, सांगाड्याच्या पोटांत तेल फिरविलें, आणि सर्वांत खालच्या भागास, जेथें पाणी सांचतें तेथें, बारीक भोक पाडलें. पाणी आंत शिरणारच. त्यास बाहेरची वाट असावी.

एवढें झालें तरी किल्ली देवघरांतच होती. "तुम्ही दोघे म्हणतां म्हणून मी मानणार नाहीं, दादा," असें बहिणीनें बजावलें. तेव्हां आम्हीं शाळामास्तराच्या पद्धतीनें परीक्षा घेतली. गल्लींत खडूची रेघ मारली. भाच्यानें जुनी सायकल सारख्या वेगानें आणावी, रेघेवर चाक येतांच ब्रेक दाबावा, आणि आम्हीं पावलें मोजावीं. पाणी टाकण्याचें काम बहिणीनें आपल्याकडे घेतलें. फसवणूक होऊं नये म्हणून तिनें रस्त्यावर व दोन्ही चाकांवर बादल्यांमागून बादल्या ओतल्या. जुनी सायकल चौदा पावलांवर थांबली. नवी सहा पावलांवर. तीन वेळां केलें. पावला-अर्ध्या पावलाचा फरक पडला. बहीण कांहीं बोलली नाहीं. बादली ठेवून आंत गेली आणि किल्ली आणून भाच्याच्या हातांत दिली.

या परीक्षेंत एक गोष्ट ध्यानांत आली. ओल्या कडेवर पहिल्या फेऱ्यांत रबर फक्त पाणी पुसतें, धरतें त्यानंतर. म्हणून उतारापूर्वींच ब्रेक हलकेच टेकवून कडा पुसून घ्याव्या. पांढरे पट्टे व गटारांचीं लोखंडी झांकणें पावसांत तुळतुळीत होतात, त्यांवर वळूं नये. पहिल्या पावसांत रस्त्यावरचें सांडलेलें तेल वर येतें, त्या दिवशीं विशेष जपावें. डबक्याची खोली कोणास ठाऊक नसते, म्हणून त्यांत चाक घालूं नये. आणि ट्रक कितीही स्थिर दिसला तरी त्याच्या डाव्या कुशींत शिरूं नये; वळतांना चालकास तेथील माणूस दिसत नाहीं. भाच्याचा काळा रेनकोट आम्हीं पिवळ्याशीं बदलला. मागें तांबडा दिवा, पुढें पांढरा, दोन्ही पाऊस असेतों चालू.

खर्चाचें सांगावयाचें तर सांगाड्यास चौदाशें, दोन चाकांस विणण्यासह एकोणीसशें, दिव्यांस साडेसहाशें, आणि असें करीत एकूण त्र्याऐंशीशें झाले. मर्यादा तीनशांनीं ओलांडली. त्यांत सहाशें रुपये आमच्या अठ्ठाविसाच्या हट्टाचे व चाळीस आऱ्यांचे आहेत; ते आम्हीं आपल्या निवृत्तिवेतनांतून भरले व त्याची नोंद भाच्याच्या वहींत करूं दिली नाहीं.

सायकलनें सगळा पावसाळा काढला. दोनदां पंक्चर, एकदां ब्रेकची तार तुटली. ब्रेकचीं रबरें मात्र दोन महिन्यांतच झिजलीं. वाळूमिश्रित पाण्यानें तीं खडूसारखीं झिजतात, हा खर्च धरूनच चालावें. भाद्रपदांत पाऊस ओसरल्यावर मागचा हब उघडला. छरे साफ निघाले, ग्रीस मात्र पिठल्याच्या रंगाचें झालें होतें. भीति संपली असें आम्ही म्हणणार नाहीं. सातची पाळी असली कीं बहीण साडेपांचला दारांत उभी असते, आणि पोंचल्याचा निरोप येईपर्यंत चहा घेत नाहीं. पुलाकडील उतार अजून तसाच अरुंद आहे. तो आमच्या पान्यानें रुंद होण्यासारखा नाहीं.

भाच्याच्या खात्यांतील दोघे कंत्राटी मुलगे परवां ही सायकल पाहून गेले. आतां अंगणांत तुळशीवृंदावनापाशीं आणखी दोन सांगाडे भिंतीस टेकून उभे आहेत. आम्हीं सकाळींच मोजले. दोहोंच्याही मागच्या चाकांस चाळीस आरे आहेत.