दहातली पाच अक्षरे

नोव्हेंबर १९४४. लंडनवर जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण कोसळत होते, दूध-अंडी रेशनवर मिळत होती, आणि लेस्टरमध्ये सुतारकाम शिकवणारे एक शिक्षक, डोनाल्ड वॉटसन, एका शब्दापाशी अडले होते.

लहानपणी काकांच्या शेतावर डुक्कर मारताना त्यांनी पाहिले होते. चौदाव्या वर्षी त्यांनी मांस सोडले, पुढे दूध आणि अंडीही. पण असे जेवणाऱ्याला म्हणायचे काय? ‘व्हेजिटेरियन’ म्हणावे, तर त्या मंडळींना लोणी, चीज, अंडी सगळे चालत होते. ‘नॉन-डेअरी’ हा शब्द रुळला होता खरा, पण तो वॉटसनना पटेना. त्यात नुसता नकार, शिवाय अंड्यांचा पत्ताच नाही. मला त्यांचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो: आपण काय खात नाही यापेक्षा काय खातो, ते नावातून कळले पाहिजे.

समविचारी माणसे मोजकीच होती. त्यांच्यासाठी काढलेल्या दोन पेन्सच्या पत्रिकेचा पहिला अंक निघायचा होता आणि त्याला नाव हवेच होते. शब्द तरी किती सुचवले गेले! डेअरीबॅन, व्हायटन, बेनेव्होर, सॅनिव्होर. एकही जिभेवर बसेना.

आणि हवा असलेला शब्द जुन्याच शब्दाच्या पोटात होता. ‘व्हेजिटेरियन’ची रोमन अक्षरे दहा. पहिली तीन ठेवली, शेवटची दोन ठेवली, मधली पाच काढून टाकली. उरले ‘व्हीगन’! शाकाहाराचा आरंभ आणि शेवट, असा त्याचा अर्थ वॉटसन सांगत. या शब्दाच्या घडणीत डोरोथी मॉर्गन यांचाही वाटा सांगितला जातो. त्या शिक्षिका होत्या आणि पुढे वॉटसन यांच्या पत्नी झाल्या. त्यांचे नाव वगळून ही कथा सांगू नये.

अंकावर ‘द व्हीगन न्यूज’ हे नाव छापले गेले. वाचकांना उच्चाराचा घोळ पडू नये म्हणून लवकरच खुलासाही झाला: ‘व्हीजन’ नव्हे, ‘व्हीगन’.

देवनागरीत हे नाते दिसत नाही. हॉटेलच्या पाटीवरच्या ‘व्हेज’मध्ये ‘ज’ आहे, ‘व्हीगन’मध्ये ‘ग’. रोमन लिपीत मात्र दोन्हींची पहिली तीन अक्षरे तीच आहेत.